सगळं जवळ आहे, पण चालत जाता येतं का? दाट वस्तीची ‘चालण्यायोग्यता’ मोजण्याची रीत

पुण्यात शनिपाराजवळ राहणाऱ्या घराला किराणा, दूध, औषधं, भाजी, शाळा, दवाखाना, पीएमपीच्या बसचा थांबा आणि २०२४ पासून मंडईचं मेट्रो स्थानक, हे सगळं दहा मिनिटांच्या आत आहे. चालण्यायोग्यतेचा कुठलाही प्रचलित निर्देशांक लावा, सदाशिव, शुक्रवार, बुधवार, नारायण या पेठांना तो भरघोस गुण देईल. पण त्याच घरातल्या गुडघे दुखणाऱ्या आजींना विचारा, मंडईला पायी जाता का? त्या जे सांगतील ते निर्देशांकात कुठेच सापडणार नाही. फूटपाथची पायरी उंच आहे, पुढे दुचाक्या लावलेल्या आहेत, बाजीराव रस्ता ओलांडताना सिग्नल पुरत नाही.

दाट वस्तीत मोजणीची खरी अडचण इथेच आहे. ‘जवळ काय आहे’ या प्रश्नाला पेठांमध्ये सगळीकडे एकच उत्तर मिळतं. ‘तिथवर पोचता येतं का’ याचं उत्तर मात्र गल्लीगणिक बदलतं. मोजायचं ते हे दुसरं.

तयार निर्देशांक पेठांत का चालत नाहीत

२००७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला ‘वॉक स्कोअर’ सर्वांत प्रसिद्ध. त्याचं तत्त्व सोपं आहे. दुकान, शाळा, बाग यांसारखं ठिकाण पाच मिनिटांच्या चालीत, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आत असेल तर पूर्ण गुण, अंतर वाढेल तसे कमी आणि अर्ध्या तासापलीकडे शून्य. दुधाच्या पिशवीसाठीही मोटार काढावी लागते अशा उपनगरांसाठी हा उपयोगी आहे. पण त्याला फूटपाथ दिसत नाही.

संशोधनात जास्त वापरला जातो तो लॉरेन्स फ्रँक आणि सहकाऱ्यांचा निर्देशांक. त्यात चार गोष्टी असतात: निवासी घनता, चौकांची घनता, जमीनवापराची सरमिसळ आणि दुकानांचं क्षेत्रफळ त्यांच्या भूखंडाच्या तुलनेत किती. प्रत्येक आकडा सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे ते काढून बेरीज करतात आणि चौकांच्या घनतेला दुप्पट वजन देतात. पेठा चारही बाबतींत वरच्या टोकाला जातात, त्यामुळे दोन पेठांमधला फरकच उरत नाही. शिवाय हा आकडा सापेक्ष आहे. तुलनेत शहराबाहेरची हिंजवडी घेतली की बुधवार पेठेचे गुण वाढतात, रस्त्यावरचा एक दगडही न हलता.

आपल्याकडच्या एका जुन्या सूत्राचीही हीच गत आहे. रस्ता ओलांडायची सोय हवी का हे ठरवायला तासाला ओलांडणाऱ्या माणसांची संख्या घ्यायची आणि तासाला जाणाऱ्या वाहनांच्या संख्येच्या वर्गाने तिला गुणायचं. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर १० कोटींच्या वर गेलं, किंवा दुभाजक असलेल्या रस्त्यावर २० कोटींच्या, की सोय हवी. आता २०० माणसं आणि १,००० वाहनं धरा. उत्तर २० कोटी. पेठेतला जवळजवळ कुठलाही मोठा रस्ता गर्दीच्या वेळी ही रेषा सहज ओलांडतो. जी कसोटी सगळेच उत्तीर्ण होतात, तिच्यावरून कुठला चौक आधी हाती घ्यायचा हे कळत नाही.

नकाशावरचं काम

ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा नकाशा फुकट आहे, त्यावरून सुरुवात करावी. रस्त्याचे चौक ते चौक असे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या नोंदवायच्या. लक्ष्मी रस्त्याची उत्तर बाजू आणि दक्षिण बाजू हे दोन वेगळे तुकडे आहेत. मोजणीतल्या चुका इथूनच सुरू होतात, कारण एका बाजूला फूटपाथ असला की तक्त्यात ‘फूटपाथ आहे’ अशी नोंद होते.

बोळ नकाशावर बरेचदा नसतात, किंवा असूनही मुख्य रस्त्याला जोडलेले नसतात. वाड्यांमधून पलीकडे निघणाऱ्या वाटा तर नसतातच. त्या पायी फिरून घालाव्या लागतात, आणि कुलूपबंद दार असेल तर ते किती वाजता उघडं असतं हेही लिहावं. चौक मोजताना तीन किंवा अधिक रस्ते मिळतात तोच चौक धरायचा, बंद गल्लीचं टोक नाही. दुभाजक असलेला रस्ता नकाशावर दोन रेषांनी काढलेला असतो, त्यामुळे संगणक एका चौकाचे दोन मोजतो, आणि असे दोन रस्ते एकमेकांना छेदत असतील तर चार. १५ ते २० मीटरच्या आतले बिंदू एकत्र केले नाहीत, तर सगळ्यांत रुंद आणि ओलांडायला सगळ्यांत कठीण रस्त्यालाच सर्वाधिक गुण मिळतात.

मग पोच काढायची. ४०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ५० हेक्टर भरतं. प्रत्यक्ष रस्त्यांनी ४०० मीटर चालून त्यातला किती भाग गाठता येतो हे गुणोत्तर महत्त्वाचं. ते ०.६ च्या वर असेल तर जाळं चांगलं विणलेलं आहे. नदीकाठी ते एकदम घसरतं. नारायण पेठेतून नदीपलीकडच्या डेक्कनला जाणाऱ्याची वाट पुलावर अवलंबून असते, आणि खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. नदीकाठच्या वस्तीची पोच म्हणून दोनदा काढायला हवी, एकदा पूल धरून आणि एकदा तो वगळून.

४०० मीटर म्हणजे पाच मिनिटं हा हिशेब मिनिटाला ८० मीटर चालणाऱ्या माणसाचा आहे. म्हातारं माणूस, लहान मुलाचा हात धरलेली आई, दोन्ही हातांत पिशव्या घेतलेला माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतो असं धरा, म्हणजे मिनिटाला ४८. पाच मिनिटांत २४० मीटर. अंतर ६० टक्क्यांवर आलं, पण क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने घटतं, म्हणून पोच उरली फक्त ३६ टक्के. एकाच घरातल्या नातवाची आणि आजीची पेठ एवढी वेगळी असते. नकाशे दोन्ही वेगांनी काढावेत आणि शेजारी शेजारी ठेवावेत.

जमीनवापराच्या सरमिसळीसाठी एन्ट्रॉपीचं, म्हणजे वापरांची वाटणी किती सारखी आहे हे ० ते १ मध्ये सांगणारं सूत्र असतं. प्रत्येक वापराचा हिस्सा त्याच्या लॉगॅरिदमने गुणायचा, बेरीज करून चिन्ह उलटायचं आणि वापरांच्या संख्येच्या लॉगने भागायचं. ५० टक्के घरं, ३० टक्के दुकानं, २० टक्के कार्यालयं असतील तर उत्तर ०.९४ येतं, जवळजवळ कमाल. पेठेत हे मजल्यानुसार काढावं लागतं, कारण खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा इमारतीला कागदावर एकच वापर लागतो. आणि या सूत्राला साड्यांची चाळीस दुकानं आणि एक वाणी यांतला फरक कळत नाही. त्यापेक्षा रोजच्या गरजेच्या आठ-दहा गोष्टींची यादी करून त्यातल्या किती गोष्टी आजीच्या वेगाने दहा मिनिटांत गाठता येतात हे मोजणं जास्त प्रामाणिक. यादीत सार्वजनिक स्वच्छतागृह विसरू नये. ते वाटेत नसेल तर मधुमेह असलेली माणसं आणि बऱ्याच बायका त्या वाटेने जायचंच टाळतात.

फूटपाथ: कागदावरची रुंदी आणि पायाखालची रुंदी

साहित्य फार लागत नाही. ५ मीटरची टेप, जमिनीवर ढकलत न्यायचं मोजचाक, स्टॉपवॉच, १५ सेंटिमीटरवर खूण केलेली काठी आणि फोन. १०० मीटरचा तुकडा दोन्ही बाजूंनी नीट मोजायला दोघांना अर्धा तास तरी लागतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेची २०१२ ची आवृत्ती निवासी भागात किमान १.८ मीटर आणि व्यापारी किंवा मिश्र भागात २.५ मीटर निव्वळ रुंदी सांगते. डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची हवी आणि फूटपाथ रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. १.८ मीटर का? कारण चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर एवढ्यात त्या एकमेकींना ओलांडून जातात.

महत्त्वाचा शब्द ‘निव्वळ’ हा आहे. समजा भिंतीपासून कडेपर्यंत टेप २.४ मीटर दाखवते. माणूस भिंतीला घासून चालत नाही, तिथे ३० सेंटिमीटर सुटतात. रस्त्याच्या कडेवरूनही चालत नाही, तिथे आणखी ३०. मधे विजेचा डीपी बॉक्स असेल तर त्याचे ६०. उरले १.२ मीटर. आराखड्यात २.४ लिहिलेलं असतं, समोरून कुणी आलं की पायाखाली १.२ सुद्धा पुरत नाही.

दर दहा मीटरवर एक माप घ्या आणि दोन मापांच्या मधली सर्वांत अरुंद जागा वेगळी नोंदवा. तुकड्याची रुंदी म्हणून ही सर्वांत अरुंद जागा धरायची, सरासरी नाही. ९५ मीटर मोकळा आणि पाच मीटर बंद असलेला फूटपाथ चाकाच्या खुर्चीसाठी पूर्ण बंदच असतो. दुचाक्या फूटपाथवर चढू नयेत म्हणून लावलेल्या खांबांमधलं अंतरही मोजा. ते ९० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ज्याच्यासाठी फूटपाथ केला त्यालाच खांब अडवतात.

अडथळ्यांची नोंद तीन गटांत हवी, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. कायमचे: डीपी, खांब, झाडाचा पार, जाहिरातीचा सांगाडा, चेंबरचं वर आलेलं झाकण. रोजचे: लावलेल्या दुचाक्या, दुकानाबाहेर काढलेला माल, फलक. हंगामी: मांडव, बांधकामाची वाळू, खोदाईनंतर नीट न बसवलेले पेव्हर ब्लॉक. पथारीवाल्यांना सरसकट ‘अडथळा’ या रकान्यात घालू नये असं आमचं ठाम मत आहे. भाजीची पाटी हे चालत जायचं ठिकाणही आहे, रात्री नऊला त्या वाटेवर जाग असते ती तिच्यामुळेच, आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना जागेचा हक्क दिलेला आहे. पथारी सोडून निव्वळ रुंदी किती उरते एवढं लिहा. १.८ मीटर उरत असेल तर तक्रारीचं कारण नाही.

दर १०० मीटरमागे फूटपाथ किती वेळा खाली उतरतो आणि पुन्हा चढतो हेही मोजा. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी तो तुटला की चालणं म्हणजे पायऱ्यांची चढउतार होते. मोटारीच्या सोयीसाठी फूटपाथ खाली आणण्याऐवजी मोटारीला छोट्या उतारावरून वर आणता येतं, म्हणून ही नोंद कामाची आहे. उतार असेल तिथे चढण १२ ला १ पेक्षा तीव्र नको, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबी हवी. अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या फरशा शेवटपर्यंत चालून पाहा. त्या खांबाशी किंवा चेंबरशी संपत असतील तर ‘सोय आहे’ असं लिहू नका, ‘धोका आहे’ असं लिहा.

पेठांमधल्या कितीतरी गल्ल्यांना फूटपाथच नाही आणि पाच-सहा मीटर रुंदीत तो बसणारही नाही. अशा गल्लीला शून्य गुण देणं चूक आहे. तिथे फूटपाथ नाही, वाहनांचा वेग मोजायचा. खडूने २० मीटरच्या दोन खुणा करा. दुचाकीने हे अंतर ३.६ सेकंदांत कापलं तर वेग ताशी २० किलोमीटर, २.४ सेकंदांत कापलं तर ३०. हाताने घड्याळ दाबताना थोडी चूक होतेच, म्हणून ३० वाहनं मोजा, कमी ते जास्त वेग असे लावा आणि सव्विसावा आकडा घ्या, म्हणजे बहुतेक वाहनांचा वेग त्याच्या आत येतो. तो २० च्या आसपास असेल तर मुलं आणि वाहनं ती गल्ली वाटून घेऊ शकतात. ३० च्या वर असेल तर ती गल्ली चालण्याची उरलेली नाही, कितीही जुनी आणि देखणी असो.

माणसं मोजताना पडणारी फसगत

१५ मिनिटांत किती माणसं गेली ते मोजून त्या संख्येला मिनिटांनी आणि रुंदीच्या मीटरनी भागायचं. ९०० माणसं आणि १.२ मीटर निव्वळ रुंदी असेल तर मिनिटाला ६०, म्हणजे मीटरमागे ५०. अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलच्या २००० च्या आवृत्तीत १६ पर्यंत ‘अ’ दर्जा, ३३ पर्यंत ‘क’ आणि ४९ ते ७५ म्हणजे ‘इ’, जिथे आपल्या चालीने चालताच येत नाही.

फसगत अशी की फूटपाथ पूर्ण अडलेला असेल तर त्यावर कुणी चढतच नाही. मोजणारा कागदावर मिनिटाला दोन माणसं लिहितो आणि त्या जागेला ‘अ’ दर्जा मिळतो. म्हणून एकाने फूटपाथवरची माणसं मोजायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने त्याच बाजूला रस्त्यावरून चालणारी. फूटपाथ असूनही अर्ध्याहून अधिक लोक खालून चालत असतील तर दोष लोकांच्या शिस्तीत शोधू नका, तो फूटपाथ वापरण्याजोगा नाही. या सगळ्या मोजणीतला एकच आकडा निवडायचा झाला तर आम्ही हा निवडू.

रस्ता ओलांडणं

सिग्नल असेल तर दोन वेळा टिपा: पूर्ण फेरी किती सेकंदांची आणि त्यात पादचाऱ्यांचा हिरवा किती. सरासरी थांबणं काढायला फेरीतून हिरवा वजा करा, आलेल्या संख्येचा वर्ग करा आणि फेरीच्या दुपटीने भागा. फेरी १२० सेकंद आणि हिरवा २० असेल तर १०० चा वर्ग भागिले २४०, म्हणजे जवळजवळ ४२ सेकंद. ३० सेकंदांपलीकडे माणूस अस्वस्थ होतो आणि फट दिसली की निघतो. ‘पुणेकर सिग्नल पाळत नाहीत’ म्हणण्याआधी हा आकडा काढून पाहावा.

मग हिरवा पुरतो का ते पाहा. १४ मीटर रस्ता सेकंदाला १.२ मीटरने ओलांडायला १२ सेकंद लागतात आणि ०.८ मीटरने साडेसतरा. हिरवा दहाच सेकंदांचा असेल तर आजी दुभाजकापर्यंत पोचतात आणि दिवा बदलतो. दुभाजकावर उभं राहायला दीड-दोन मीटर सपाट जागा असेल तर हे चालून जातं, लोखंडी कठडा असेल तर नाही. सलग २० फेऱ्या उभं राहून त्यातल्या किती फेऱ्यांत झेब्रा पट्ट्यांवर वाहन थांबलेलं होतं आणि किती फेऱ्यांत डावीकडे वळणाऱ्यांनी पादचाऱ्यांची वाट तोडली हेही मोजा. कागदावर सोय असूनही प्रत्यक्षात ती का मिळत नाही, ते या दोन आकड्यांतून कळतं.

सिग्नल नसेल तर वाहनांमधल्या फटी मोजायच्या. सात मीटर रस्ता ०.८ च्या वेगाने ओलांडायला पावणेनऊ सेकंद, त्यात निघण्याचे तीन मिळवले की जवळजवळ बारा. १५ मिनिटांत बारा सेकंदांच्या किंवा त्याहून मोठ्या फटी किती मिळाल्या? दोन-तीनच मिळत असतील तर लोक दोन दुचाक्यांच्या मधून हात दाखवत जात असणार. एकेरी वाहतुकीच्या बाजीराव किंवा शिवाजी रस्त्यासारख्या ठिकाणी मागच्या सिग्नलमुळे वाहनं घोळक्याने येतात आणि दोन घोळक्यांमधे मोठी फट पडते. म्हणून तिथे पाच मिनिटांची मोजणी फसवते, किमान १५ मिनिटं लागतातच.

कधी मोजायचं

दुपारी दोन वाजता दुकानं मिटलेली असताना मोजलेला फूटपाथ आणि संध्याकाळी सातचा फूटपाथ एक नसतात. सकाळी आठ, दुपारी दोन आणि संध्याकाळी साडेसहा अशा किमान तीन वेळा हव्यात, एक कामाचा दिवस आणि एक रविवार. ११ डिसेंबर मात्र टाळा. २०२१ पासून महापालिका त्या दिवशी पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा भाग वाहनांना बंद असतो. तुलनेसाठी तो दिवस उत्तम, नेहमीची मोजणी म्हणून निरुपयोगी. जुलैत एकदा पावसानंतर तासाभराने फिरून पाणी कुठे साचतं ते टिपा आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी सावलीत किती लांबी येते ते. रात्रीची फेरी वेगळी, आणि ती फक्त पुरुषांनी करू नये.

गुण, मतं आणि सरासरीचा सापळा

२००६ च्या सुमारास जागतिक बँकेत तयार झालेल्या ‘ग्लोबल वॉकॅबिलिटी इंडेक्स’मध्ये स्थळपाहणीचे नऊ निकष आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे असतात. पद्धत जलद आहे, पण एकाचा ३ म्हणजे दुसऱ्याचा ४. आधी दोघांनी तेच दहा तुकडे एकमेकांशी न बोलता मोजावेत. दहापैकी तीन-चार ठिकाणी उत्तरं जुळली नाहीत तर माणूस बदलू नका, प्रश्न बदला. ‘फूटपाथ चांगला आहे का’ याऐवजी ‘सर्वांत अरुंद जागी किती सेंटिमीटर’ असं विचारलं की वाद उरत नाही.

शेवटी सगळ्याचा एक आकडा करायचा मोह होतो. मंडईच्या वाटेवर पाच तुकडे आहेत असं धरा, चार ९० गुणांचे आणि एक १० चा. सरासरी ७४, ‘चांगली वाट’. पण त्या एका तुकड्याशी आजी थांबल्या. गुणाकार करून पाचवं मूळ काढलं तर ५८ येतात, हे थोडं खऱ्याच्या जवळ. वाटेचा सर्वांत कमी गुण १० आहे हे सरळ सांगणं सर्वांत खरं. नकाशावर तुकडे रंगवून त्याखाली एक वाक्य लिहा: या भागातल्या किती घरांपासून भाजी, औषध आणि थांबा इथवर १.८ मीटर सलग फूटपाथ किंवा संथ गल्ली आहे आणि वाटेत कुठेही ३० सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागत नाही. हा टक्का कुणालाही समजतो, आणि दुसऱ्या भागांची तुलना न करताही त्याला अर्थ असतो.

तुकड्यांची ही यादी क्षेत्रीय कार्यालयात थेट कामाला येते. पुणे महापालिकेच्या सहभागी अंदाजपत्रकात नागरिक दरवर्षी आपल्या भागातली कामं सुचवू शकतात. ‘फूटपाथ दुरुस्त करावा’ असं लिहिलेलं काम बहुधा नवे पेव्हर ब्लॉक बसवून संपतं आणि डीपी तिथेच राहतो. त्याऐवजी रस्ता, बाजू, कुठल्या चौकापासून किती मीटरवर, तिथली निव्वळ रुंदी किती आणि कशामुळे, असं लिहा आणि टेप धरलेला फोटो जोडा. काम झालं की त्याच जागी, त्याच वेळेला, त्याच टेपने पुन्हा मोजा आणि फूटपाथवरून व रस्त्यावरून चालणारी माणसंही पुन्हा मोजा. रुंदी वाढली पण माणसं अजून खालूनच चालत असतील तर पायरीची उंची तपासा. नव्या फरश्या जुन्यांवर चढवल्यामुळे ती बरेचदा २० सेंटिमीटरवर गेलेली असते.